नागीण तोफ, शिंगांचं शिरस्त्राण आणि माझं वाया गेलेलं वर्ष

आजचा लेख एका प्रश्नावरून सुचला. मागच्या सुट्टीत सेलूला बहिणीकडे गेलो होतो. भाचा सातवीत आहे. दोन दिवसांत त्याने दोन पिक्चर बघून संपवले. एक हिंदीत डब केलेला वायकिंग लोकांचा, दुसरा 'तान्हाजी'. दुसरा संपल्या संपल्या त्याने विचारलं, "मामा, ती नागीण तोफ सध्या कुठंय? आपण बघायला जाऊ ना."

मी इतिहासात पीएच.डी. करतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे. त्यामुळे उत्तर मलाच द्यायचं होतं. मी म्हणालो, "तशी तोफ नव्हतीच." पोराचा चेहरा एकदम उतरला. थोड्या वेळाने तो म्हणाला, "मग बाकीचं तरी खरंय का?"

संशोधनाच्या तयारीत असलेल्या प्रत्येकाने हा प्रश्न एकदा तरी स्वतःला विचारावा, म्हणून हा लेख. हा चित्रपटाचा रिव्ह्यू नाही. 'पिक्चरमध्ये इतिहास चुकला' असं म्हणून मोकळं होणं सोपं असतं. पण तिथे संशोधन संपत नाही, सुरू होतं.

आधी वायकिंग

भाच्याच्या त्या पिक्चरमध्ये मारामारी पोटभर होती, गोष्ट मात्र जेमतेम. जहाजं, आग, कुऱ्हाडी आणि डोक्यावर शिंगांची शिरस्त्राणं. वायकिंग म्हटलं की आपल्याही डोळ्यांसमोर शिंगंच येतात. पण वायकिंग काळातलं शिंगांचं लढाऊ शिरस्त्राण उत्खननात सापडलेलं नाही. नॉर्वेत ग्येर्मुन्दबू इथे १९४३ मध्ये त्या काळातलं शिरस्त्राण मिळालं. ते साधं, गोल आणि लोखंडी आहे. शिंगांची प्रतिमा रुजली ती १९व्या शतकात. जर्मन संगीतकार वाग्नरच्या संगीतनाट्याचे १८७६ मध्ये प्रयोग झाले, त्यांच्या वेशभूषेचा त्यात मोठा वाटा आहे.

म्हणजे शिंगं वायकिंगांची नाहीत, पण त्यांनाही इतिहास आहे. तो १९व्या शतकातल्या युरोपचा इतिहास आहे. हा मुद्दा लक्षात ठेवा, आपल्याला सिंहगडावर तोच लागणार आहे.

माझी चूक

आता थोडं स्वतःबद्दल. पीएच.डी. प्रवेशाच्या पहिल्या मुलाखतीत मला विचारलं गेलं, "कोंढाण्याचं सिंहगड हे नाव कधी पडलं?" मला हसूच आलं. इतका सोपा प्रश्न! मी सांगितलं, "१६७० मध्ये तानाजी मालुसरे पडले, महाराज 'गड आला पण सिंह गेला' म्हणाले, तेव्हापासून."

समोरचे सर शांतपणे म्हणाले, "मग १६६३ च्या शिवाजी महाराजांच्या पत्रात 'सिंहगड' कसा काय येतो?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते पत्र छापलेलं आहे आणि अभ्यासकांना चांगलं परिचित आहे. मी ते वाचलंच नव्हतं. आजोबांनी सांगितलं, शाळेच्या स्नेहसंमेलनात मी स्वतः शेलारमामा झालो, पडद्यावर पाहिलं, एवढा माझा 'आधार'. त्या वर्षी माझी निवड झाली नाही. घरी शेतीचा हंगाम वाईट गेला होता आणि वडिलांना एक वर्ष पुढे गेलं म्हणून सांगायला जड गेलं. दोष कुणाचाच नव्हता, माझाच होता. ऐकलेलं आणि तपासलेलं यातला फरक मला त्या खुर्चीत बसून कळला.

गोष्ट कुठून कुठे आली

नंतरच्या वर्षभरात मी एकच केलं. सिंहगडाच्या गोष्टीतला प्रत्येक तुकडा पहिल्यांदा कुठे दिसतो ते शोधत बसलो. तुम्हीही करून बघा, फार शिकायला मिळतं.

पहिला थर सभासद बखरीचा. कृष्णाजी अनंत सभासदाने ती राजाराम महाराजांच्या काळात, जिंजीला लिहिली, म्हणजे लढाईनंतर साधारण पाव शतकाने. त्यात मजकूर थोडका आहे. तानाजी पाचशे मावळे घेऊन रात्री कड्याने चढतो, उदेभानाशी गाठ पडते, दोघेही पडतात, भाऊ सूर्याजी लोकांना सावरून गड घेतो, पागेची खोपटी पेटवून राजगडाला खूण करतो. एक गड मिळाला पण एक गेला, या अर्थाचे महाराजांचे उद्गार इथे येतात. घोरपड मात्र इथे नाही.

दुसरा थर तुळशीदास शाहिराचा पोवाडा. अ‍ॅक्वर्थ आणि शाळिग्राम यांनी १८९१ मध्ये छापलेल्या ऐतिहासिक पोवाड्यांच्या संग्रहात तो आहे. इथे रायबाचं लग्न येतं, म्हातारे शेलारमामा येतात, घोरपड येते, उदेभानाचा हत्तीही येतो. म्हणजे बघा, डोळे दिपवणारा देखावा सिनेमाने आणला असं नाही. डफावर थाप पडली की शाहिरालाही समोरची मंडळी जागी ठेवायची असायची.

तिसरा थर हरि नारायण आपटे यांची 'गड आला पण सिंह गेला' ही कादंबरी, १९०३ ची. कमलकुमारी ही रजपूत स्त्री आणि तिच्या मागे लागलेला उदेभान, हे कथानक इथलं. २०२० च्या चित्रपटातली 'कमल' कुठून आली असेल, याचा अंदाज तुम्हाला आता येईल.

चौथा थर पडद्याचा. कोल्हापूरच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत बाबूराव पेंटरांनी १९२३ मध्ये 'सिंहगड' हा मूकपट केला. कृत्रिम प्रकाश वापरून केलेल्या चित्रणाबद्दल तो ओळखला जातो. त्यात शेलारमामा होते तरुण व्ही. शांताराम. पुढे प्रभातमध्ये १९३३ ला शांतारामांनीच बोलका 'सिंहगड' काढला. आणि १० जानेवारी २०२० ला ओम राऊत दिग्दर्शित, अजय देवगणचा 'तान्हाजी' आला. या चित्रपटाला लोकप्रिय मनोरंजक चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, देवगणला अभिनयाचाही मिळाला. कोंढाण्यावरून राजगडावर रोखलेली अजस्र नागीण तोफ या थरातली. मी वर सांगितलेल्या कोणत्याच जुन्या साधनात ती नाही.

आता भाच्याला द्यायचं खरं उत्तर असं: तोफ १६७० ची नाही, २०२० ची आहे. शिंगांसारखंच. ती आपल्याला मावळ्यांबद्दल काही सांगत नाही, आपल्या काळातल्या प्रेक्षकाला काय हवंय ते सांगते. त्यावरही कुणी उत्तम प्रबंध लिहू शकेल.

देखाव्यात हरवतं काय?

मग माझी तक्रार काय आहे? पोवाड्यातही हत्ती आहे, मग तोफेने काय घोडं मारलं?

फरक असा वाटतो. पोवाड्यातला देखावा रायबाच्या लग्नाभोवती उभा राहतो. घरात मांडव आणि माणूस निघाला गडावर. तो पेच ऐकणाऱ्याच्या ओळखीचा असतो. तोफ मात्र लढाईचं कारणच बदलून टाकते. लढाई का झाली, तर समोर एक राक्षसी हत्यार होतं म्हणून. एवढं सांगितलं की खरं कारण विचारायची गरजच उरत नाही.

खरं कारण कागदात आहे. जून १६६५ च्या पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले आणि त्यांच्यासोबत ४ लाख होनांचा मुलूख द्यावा लागला. कोंढाणा त्यात गेला. १६६६ मध्ये आग्रा झालं. नंतर काही काळ सलोखा राहिला. संभाजीराजांना पाच हजारी मनसब आणि वऱ्हाडात जहागीर मिळाली. मराठ्यांची फौज औरंगाबादला मोगलांच्या चाकरीत राहू लागली. मग आग्र्याच्या प्रवासासाठी आगाऊ दिलेले १ लाख रुपये वसूल करायला बादशहाने वऱ्हाडच्या जहागिरीचा काही भाग जप्त करण्याचा हुकूम दिला. जदुनाथ सरकारांनी सलोखा तुटण्याच्या कारणांमध्ये हे कारण नोंदवलं आहे. १६६९ संपता संपता मराठी फौज परतली आणि फेब्रुवारीत कोंढाणा घेतला गेला. मार्चमध्ये पुरंदरही आला.

पडद्यावर वसुलीचा हुकूम दाखवणं अवघड आहे, मान्य. पण आपण परभणीकर आहोत. वसुली, जप्ती, कर्ज हे शब्द माणसाला काय करायला लावतात, ते आपल्याला कुणी सांगायला नको. एका हिशेबाच्या नोंदीतून रणांगण उभं राहतं, ही गोष्ट मला तोफेपेक्षा जास्त थरारक वाटते.

इथे एक सावधगिरी. 'आइन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्याच्या सरकारांमध्ये आपलं पाथरी येतं. लगेच कुणीतरी लिहील, 'सिंहगडाच्या लढाईचं मूळ परभणी जिल्ह्यात!' मलाही मोह झाला होता. पण पाथरी वऱ्हाड सुभ्यात होतं, यावरून संभाजीराजांची जहागीर पाथरीत होती असं सिद्ध होत नाही. सुभा मोठा, जहागीर त्यातले काही महाल. मधली पायरी कागदावर सापडेपर्यंत वाक्य तिथेच थांबवायचं. आपल्या गावाचा अभिमान हासुद्धा एक देखावाच असतो, तोही गोष्ट झाकतो.

तिथी वाचायला शिका

शेवटी एक छोटी गंमत, तुमच्या कामाची. लढाईची तिथी आहे शके १५९१, माघ वद्य नवमी. इंग्रजी तारीख ४ फेब्रुवारी १६७०, पण ती जुन्या ज्युलियन पद्धतीची. आजच्या कॅलेंडरने १० दिवस पुढे, म्हणजे १४ फेब्रुवारी. दोन पुस्तकांत दोन तारखा दिसल्या तर घाबरू नका, आधी पद्धत तपासा.

आणि वद्य नवमी म्हणजे काय, ते घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. वद्य नवमीला चंद्र मध्यरात्र उलटल्यावर उगवतो. रात्री पाण्याची पाळी देणाऱ्या शेतकऱ्याला हे पाठ असतं. म्हणजे रात्रीचा पहिला अर्धा भाग मिट्ट काळोखाचा. पडद्यावर ज्वाळांच्या उजेडात सगळं लख्ख दिसतं. तिथी मात्र सांगते की अंधार हेच त्या रात्रीचं मोठं हत्यार असावं. 'असावं' म्हणतो, कारण हा माझा निष्कर्ष आहे, नोंद नाही. प्रबंधात हा फरक क्रियापदातून दिसला पाहिजे.

भाच्याला मी हे सगळं सांगितलं. तोफेचं दुःख त्याला अजून आहे. पण दुसऱ्या दिवशी रात्री तो गच्चीवर जाऊन बसला होता. बहिणीने हाक मारली तर म्हणाला, "थांब गं, चंद्र किती वाजता येतो ते बघायलोय."

तुमच्यासाठी गृहपाठ इतकाच: आपल्याला पक्की माहीत असलेली एक ऐतिहासिक गोष्ट घ्या आणि तिचा प्रत्येक तुकडा पहिल्यांदा कुठे सापडतो ते वहीत लिहा. जिथे 'लहानपणी ऐकलं' असं लिहावं लागेल, तिथे लाल खूण करा. मुलाखतीला जायच्या आधी करा. मी नंतर केलं.