परिचर्या विद्यार्थी : चिवटपणा, सजगता आणि मनःस्वास्थ्य

परिचर्येचे शिक्षण घेताना येणारा ताण पेलण्याची मानसिक क्षमता (चिवटपणा) व ती टिकवण्याचे उपाय यांचा हा अभ्यासविषय. भारतात बी. एस्सी. नर्सिंग चार वर्षांचे, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) तीन वर्षांचे असते. बारावी होऊन आलेल्या मुलीला (मुलगेही असतात, पण थोडे) तास, परीक्षा आणि हॉस्टेल सांभाळून वॉर्डातली ड्यूटी करावी लागते. अनोळखी माणसाचे उघडे शरीर, नातेवाइकांचा संताप, मृतदेहाची शेवटची स्वच्छता हे सारे तिच्या वाट्याला समवयस्कांच्या कितीतरी आधी येते.

या विषयावरचे सर्वांत मर्मग्राही लेखन आजही मनोविश्लेषक इझाबेल मेन्झीज यांचेच म्हणावे लागेल. लंडनमधील एका अध्यापन रुग्णालयाच्या पाहणीवर आधारलेला त्यांचा निबंध १९६० मध्ये प्रसिद्ध झाला. तेथे सुमारे एक तृतीयांश विद्यार्थिनी प्रशिक्षण अर्धवट सोडत. मेन्झीज यांनी बोट ठेवले ते कामाच्या रचनेवर. एका रुग्णाची सगळी शुश्रूषा एकाच विद्यार्थिनीकडे नसे. अनेकांची थोडी थोडी कामे प्रत्येकीकडे असत. रुग्णाचा उल्लेख खाटेच्या क्रमांकाने किंवा आजाराने होई. ओळख होते न होते तोच वॉर्ड बदले. जीव गुंतू नये, चिंता वाढू नये म्हणून रुळलेल्या या पद्धतींनी चिंता मिटत नसे. उलट ज्या समाधानासाठी मुली या पेशात येत, तेच हातचे जाई. ‘बारा नंबरची सलाईन’ ही आपल्या वॉर्डांतली भाषाही याच जातीची.

पुढे भर व्यक्तीवर आला. चिवटपणा मोजण्यासाठी कॉनर व डेव्हिडसन यांची २५ विधानांची मापनश्रेणी (२००३) बरीच वापरली जाते. तो वाढवण्याचा एक उपाय म्हणजे सजगता : या क्षणी मनात व शरीरात जे घडते त्याकडे बरेवाईट न ठरवता लक्ष देणे. बौद्ध ध्यानपरंपरेतून आलेल्या या साधनेला जॉन कबाट-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात आठ आठवड्यांच्या धर्मनिरपेक्ष कार्यक्रमाचे रूप दिले. तो मुळात जुनाट दुखण्यांच्या रुग्णांसाठी होता. रोजचा घरचा सराव ड्यूटीत बसत नसल्याने नर्सिंग महाविद्यालयांत त्याची आटोपशीर रूपे चालतात. या रूपांमुळे ताण व चिंता कमी झाल्याचे अनेक पाहण्यांत दिसते. मात्र त्या बहुधा लहान गटांच्या, अल्पकाळाच्या आणि स्वतः भरलेल्या प्रश्नावल्यांवर विसंबलेल्या असतात.

रात्रपाळी करून आलेल्यांना सकाळच्या तासाला बसवायचे आणि दुपारी ध्यान शिकवायचे, हा प्रकार मात्र उपाय म्हणता येणार नाही. ड्यूटीचे तास, वॉर्डातील सिस्टरची वागणूक आणि चूक निर्भयपणे सांगण्याची सोय या गोष्टी विद्यार्थिनीच्या नव्हे, संस्थेच्या हाती असतात.