कामगार नुकसानभरपाई, अहमदनगर जिल्ह्यातील

कामगार नुकसानभरपाई : कामामुळे व कामाच्या ओघात झालेला अपघात किंवा जडलेला व्यवसायजन्य रोग यांबद्दल कामगारास, तो मरण पावल्यास त्याच्या अवलंबितांस, कायद्याने मिळणारे आर्थिक साहाय्य. जर्मनीने १८८४ मध्ये व ब्रिटनने १८९७ मध्ये असे कायदे केले. भारतात १८५५ च्या प्राणांतिक अपघातविषयक अधिनियमाखाली मृताच्या कुटुंबास मालकाची चूक सिद्ध करावी लागे. ही अट कामगार नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ याने दूर केली. तो १ जुलै १९२४ पासून अंमलात आला. भरपाईचे प्रमाण अनुसूचीत ठरवून दिलेले होते, उदा., अंगठा गमावल्यास अर्जनक्षमतेची ३० टक्के हानी मानली जाई. मात्र भरपाईचा भार एकट्या मालकावर असे आणि वाद उद्‌भवल्यास आयुक्तांकडे दाद मागावी लागे.

या उणिवेवर कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ हा उपाय होता. बी. पी. अडारकर यांच्या १९४४ च्या अहवालावर आधारलेली ही योजना फेब्रुवारी १९५२ मध्ये कानपूर व दिल्ली येथे सुरू झाली. तीत मालक व कामगार या दोघांच्या वर्गणीतून वैद्यकीय उपचार, तसेच कायम अपंगत्व आल्यास नियतकालिक साहाय्य मिळते. परंतु साखर व गूळ उत्पादन करणारे हंगामी कारखाने या योजनेतून वगळण्यात आले.

अहमदनगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याच्या दृष्टीने हा अपवाद विशेष महत्त्वाचा ठरला. हरेगाव येथील बेलापूर कंपनीचा खाजगी कारखाना आणि विठ्ठलराव विखे पाटील व धनंजयराव गाडगीळ यांच्या प्रयत्नांतून प्रवरानगर येथे उभा राहिलेला सहकारी कारखाना यांमुळे साखर हा जिल्ह्याचा प्रमुख उद्योग बनला. अहमदनगर शहरालगतच्या वसाहतीतील बारमाही कारखान्यांना विम्याचे संरक्षण मिळाले. गव्हाण, गिरणी वा बॉयलरवर इजा झालेल्या हंगामी साखर कामगारास मात्र १९२३ च्या अधिनियमावरच विसंबावे लागले.

ऊसतोड कामगारांची स्थिती याहून बिकट होती. पाथर्डी, शेवगाव, जामखेड या अवर्षणप्रवण तालुक्यांतून पतिपत्नीची जोडी, म्हणजे एक ‘कोयता’, मुकादमाकडून उचल घेऊन तोडीला जाते. कंत्राटदाराच्या कामगारांबद्दल मूळ मालकास जबाबदार धरणारी तरतूद १९२३ च्या अधिनियमात होती. तथापि अपघात मालकाच्या जागेत, तिच्या आसपास वा त्याच्या नियंत्रणाखालील ठिकाणी झालेला असावा, अशी तिला मर्यादा होती. तोडणीतील इजा दुसऱ्याच्या शेतात, सर्पदंश फडात, तर वाहतुकीतील मृत्यू रस्त्यावर होतो. शिवाय करार बहुधा मुकादमाशी व तोंडी असतो. त्यामुळे मालक कोण, हाच प्रश्न प्रथम उभा राहतो.

२००९ च्या दुरुस्तीने अधिनियमातील ‘कामगार’ या शब्दाऐवजी ‘कर्मचारी’ ही व्यापक संज्ञा आली. पुढे दोन्ही अधिनियम सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्ये विलीन करण्यात आले. तथापि राज्य विम्यातून हंगामी कारखाने वगळण्याचे तत्त्व तिच्यातही कायम राहिले.