बुक्स्टेहूड, बाख आणि थोरल्या भावाची वही

सध्या आम्ही वारंवार ऐकत असलेली रचना म्हणजे डीटरिख बुक्स्टेहूड याची ‘डी मायनर’मधील पासाकाल्या. हेल्मूट वाल्खा या अंध वादकाने उत्तर जर्मनीतील काप्पेल या खेड्यातील जुन्या ऑर्गनवर केलेले तिचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. येथे अभिप्रेत असलेला ऑर्गन आपल्या संगीत रंगभूमीवरील नव्हे. चर्चमध्ये उंचावर उभारलेले, शेकडो नळ्यांतून वारा सोडणारे आणि हातांप्रमाणेच पायांनीही वाजवायचे ते अवाढव्य वाद्य आहे. पासाकाल्याची बांधणी तशी साधी असते. खर्जातील एक लहानशी स्वरावली अखंड फिरत राहते आणि तिच्यावरील स्वररचना दर आवर्तनात नवे रूप घेते. स्वतंत्र तबलावादनातील लेहऱ्याची आठवण व्हावी, असा हा प्रकार. बुक्स्टेहूडने ही स्वरावली २८ वेळा योजली आहे. रचनेचे चार भाग, प्रत्येक भागात सात आवर्तने. भागागणिक आधारस्वर बदलतो आणि अखेरीस मूळ स्थानी परततो.

ही रचना आपल्यापर्यंत कशी आली, हा प्रश्न साहित्याच्या अभ्यासकालाही विचारात घ्यावासा वाटेल. बुक्स्टेहूड १६६८ पासून १७०७ मध्ये मृत्यू येईपर्यंत ल्यूबेक येथील मारीयनकिर्श या चर्चचा ऑर्गनवादक होता. त्याच्या हस्ताक्षरातील एकही ऑर्गनरचना आज उपलब्ध नाही. २८-२९ मार्च १९४२ च्या रात्री ल्यूबेकवर बॉम्बवर्षाव झाला आणि त्या चर्चमधील ऑर्गनही जळून गेले. मूळ हस्तलिखित नाही आणि मूळ वाद्यही नाही. उरल्या त्या इतरांनी करून घेतलेल्या नकला.

बुक्स्टेहूडचे नाव निघाले की योहान सेबास्टियन बाखच्या पायपिटीची कथा हमखास सांगितली जाते. १७०५ च्या शरद ऋतूत वीस वर्षांचा बाख आर्नश्टाटहून सुमारे चारशे किलोमीटर चालत ल्यूबेकला गेला. रजा चार आठवड्यांची होती. तो परतला सुमारे चार महिन्यांनी. फेब्रुवारी १७०६ मध्ये चर्चच्या अधिकाऱ्यांनी त्याला जाब विचारला. तो स्तवनांच्या साथीत चमत्कारिक स्वर मिसळतो आणि त्यामुळे उपासकांचा गोंधळ उडतो, हीही एक तक्रार होती. गुरूच्या शोधात निघालेल्या शिष्याची ही कथा आपल्या परंपरेतील वाचकाला चटकन भावते. परंतु ज्या पासाकाल्याविषयी आम्ही लिहीत आहोत, ती या प्रवासामुळे टिकलेली नाही. ती टिकली एका वहीमुळे.

ही वही योहान क्रिस्टोफ बाख याची. सेबास्टियनचा हा थोरला भाऊ ओर्डरूफ येथे ऑर्गनवादक होता. १६९५ पर्यंत आईवडील दोघेही निवर्तल्यावर त्याने दहा वर्षांच्या सेबास्टियनला आपल्या घरी आणले आणि वाद्याचे पहिले धडे दिले. चरित्रकथेत मात्र हा भाऊ काहीसा खलनायक ठरला आहे. १७५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मृत्युलेखानुसार, भावाने नामांकित रचनाकारांच्या कृतींची एक वही जाळीच्या कपाटात कुलूपबंद ठेवली होती. सेबास्टियनने जाळीतून हात घालून ती रात्री बाहेर काढली आणि सहा महिने चंद्रप्रकाशात उतरवून घेतली. भावाला हे कळताच त्याने ती नक्कल निर्दयपणे काढून घेतली.

ही कथा अगदीच खोटी मानण्याचे कारण नाही. मात्र तिच्या एकतर्फीपणाकडे लक्ष द्यायला हवे. ऑर्गनसाठीच्या रचना त्या काळी क्वचितच छापल्या जात. त्या हाताने उतरवाव्या लागत, आणि असा संग्रह हे वादकाच्या उपजीविकेचे साधन असे. आपल्याकडे घराण्यांतील चीजा जिवापाड जपल्या जात आणि त्या मिळवताना भातखंडे यांना किती सायास पडले, हे जाणणाऱ्याला ते कुलूप केवळ दुष्टपणाचे वाटणार नाही.

शिवाय पुढील काळात सापडलेली कागदपत्रे वेगळे काही सुचवतात. २००६ मध्ये वायमार येथील ग्रंथालयातील एका शोधाची घोषणा झाली. बुक्स्टेहूड आणि राइन्केन यांच्या ऑर्गनरचनांच्या, सेबास्टियनने किशोरवयात स्वहस्ते केलेल्या या नकला होत्या. म्हणजे ल्यूबेकची वाट धरण्याच्या कितीतरी आधी, बहुधा भावाच्याच छत्राखाली, बुक्स्टेहूड त्याच्या हाताखालून गेला होता.

याहून बोलका पुरावा स्वतः योहान क्रिस्टोफच्या एका वहीत आहे. पुढे ती त्याच्या मुलाकडे गेली आणि त्याच्या नावावरून ‘आंद्रेआस बाख वही’ म्हणून ओळखली जाऊ लागली. बुक्स्टेहूडची ही पासाकाल्या या वहीमुळेच आपल्याला ठाऊक आहे. याच वहीत आणखी एक पासाकाल्या आहे. ती ‘सी मायनर’मधील असून तिचा कर्ता योहान सेबास्टियन बाख आहे. ऑर्गनसंगीतातील शिखरांपैकी एक मानल्या जाणाऱ्या या रचनेचेही मूळ हस्तलिखित हरवले आहे; तिची जुन्यात जुनी प्रत हीच. ज्याने धाकट्याची नक्कल हिरावून घेतली असे सांगतात, त्यानेच पुढे धाकट्याच्या रचना जपल्या.

मराठीच्या अभ्यासकाला या घटनेचे मर्म सांगावे लागू नये. तुकोबांचे अभंग म्हणताना संताजी जगनाड्यांच्या वह्यांचे, ‘ज्ञानेश्वरी’ वाचताना १५८४ मध्ये तिचा पाठ शुद्ध करणाऱ्या एकनाथांचे ऋण आपण मानतो. पश्चिमेच्या संगीतेतिहासाने मात्र प्रतिभावंताची कथा रंगवताना नकलकाराला बाजूला सारले. पोरक्या मुलाची तळमळ उठून दिसण्यासाठी तिला निष्ठुर भाऊ हवा होता, आणि मृत्युलेखाने तो पुरवला. वहीची साक्ष त्या भावाच्या बाजूने आहे.

दोन्ही पासाकाल्या लागोपाठ ऐकाव्यात, असे आम्ही सुचवू. आधी बुक्स्टेहूडची आटोपशीर रचना, मग बाखची वीस रूपांतरे आणि त्यांना जोडून येणारा फ्यूग. ज्येष्ठाकडून धाकट्याने काय घेतले आणि ते कोठवर नेले, हे कानांना आपोआप उमगते. तीनशे वर्षांपूर्वी एका वहीत या दोन रचना एकत्र आणणाऱ्या योहान क्रिस्टोफलाही ते उमगले असावे, असे मानायला आम्हांला आवडेल.