टेनिस बॉलवरून लेदरवर: नव्या बॉलरचं नेमकं बिघडतं कुठं?

नांदेड-लातूरकडं गल्लीत बॉलिंग शिकायची ती टेनिस बॉलवर. पण जिल्हा संघाची निवड होते लेदरवर. आणि नेटमध्ये पहिल्याच दिवशी गल्लीतल्या यॉर्कर किंगची लाइन-लेंथ हरवते.

कारण वजन. टेनिस बॉल साधारण ५८ ग्रॅमचा, लेदर बॉल १५५.९ ते १६३ ग्रॅमचा, म्हणजे जवळपास पावणेतीनपट! टेनिस बॉल खांद्याच्या झटक्यावर जातो. लेदरला रनअप, पुढचा पाय, फॉलोथ्रू सगळं लागतं. नुसता हात फिरवला तर खांदा धरतो आणि पोरगं परत टेनिसच्या टूर्नामेंटकडं वळतं.

पकडही बदलते. शिवण उभी, पहिली दोन बोटं तिच्या दोन बाजूंना, अंगठा खाली, तळहाताशी थोडी फट. मनगट वाकडं झालं की शिवण डगमगते आणि स्विंग गेला. नव्या स्पाइक्समध्ये रनअप पुन्हा पावलांनी मोजायचा, नाहीतर नो-बॉल ठरलेलाच.

शेजारच्या तुळजापूरचा राजवर्धन हंगरगेकर २०२२ चा अंडर-१९ वर्ल्ड कप जिंकलेल्या भारतीय संघात फास्ट बॉलर होता. म्हणजे इथून रस्ता आहे.

पोरगं १३ वर्षांखालचं असेल तर नियमातच १३३ ते १४४ ग्रॅमचा हलका बॉल आहे. कोचकडं तोच मागायचा.