पेव, कापूस आणि दुष्काळ : बुलढाणा जिल्ह्यातील घरगुती तरतुदीचा इतिहास

बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा व घाटाखालचा असे दोन भाग पडतात, आणि तेथील दुष्काळांचा विचार करताना हा भेद प्रथम ध्यानात घ्यावा लागतो. घाटाखाली मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद हा पूर्णेच्या खोऱ्यातील खोल काळ्या जमिनीचा मुलूख; घाटावर चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेडराजा हा अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून असलेला, बव्हंशी उथळ व मुरमाड जमिनीचा प्रदेश. घाटाखाली जमीन उत्तम, पण खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी तोंडात घेववत नाही. घाटावर पाणी गोडे, पण माती पातळ. पाऊस सरासरीने सातआठशे मिलिमीटर पडतो. म्हणजे हे वाळवंट खासच नव्हे. परंतु शेतकऱ्याचे घर सरासरीवर चालत नाही. मृगात पेरलेले रोप आषाढातल्या उघडिपीने करपले, की वर्षाची बेरीज कितीही भरो, ते साल बुडालेच. अशा प्रदेशात दुष्काळाची तरतूद ही दुष्काळ पडल्यावर करावयाची गोष्ट नसून सुगीच्या वर्षीच करावयाची गोष्ट होती, आणि तिचे मुख्य साधन पेव हे होते.

पेव म्हणजे जमिनीत खोदलेले धान्याचे कोठार. ते शेतात, म्हणजे काळीत, खोदीत नसत. काळी जमीन उन्हाळ्यात भेगाळते व पावसाळ्यात पाणी धरून बसते. पेवाला लागते ती गावठाणाची घट्ट पांढरी किंवा कोरडा मुरूम. तोंड माणूस उतरेल एवढेच, पोट मात्र रुंद. आतून जाळ करून ओल घालवावयाची, तळाशी व कडेने कडबा आणि भुसा लावावयाचा, ज्वारी भरावयाची आणि तोंडावर फरशी ठेवून माती लिंपावयाची. आत कोंडलेल्या हवेतील प्राणवायू धान्याच्याच श्वसनाने संपत जातो व किडीला जगणे अशक्य होते. म्हणूनच पेव उघडल्याबरोबर आत उतरणे घातक समजले जाई; आधी दिवा सोडून तो विझतो की काय हे पाहत. कडेच्या दाण्याला ओल लागून तो काळवंडे, उरलेल्या ज्वारीला एक उग्र वास येई आणि तिची भाकरी आवडीने कोणी खात नसे. परंतु ती वर्षानुवर्षे टिके. मोरोक्कोतील ‘मतमोरा’ किंवा माल्टा बेटावरील खडकात कोरलेली धान्यकोठारे याच तत्त्वावरची आहेत. अनिश्चित पावसाच्या देशांनी एकमेकांना न विचारता एकच उपाय काढलेला दिसतो.

पेवाखेरीज घरातली साठवण वेगळी असे. शेणामातीने सारवलेली कणगी, भिंतीतले बळद, मडक्यांची उतरंड, राख घालून ठेवलेली कडधान्ये, आढ्याला टांगलेली बियाण्याची कणसे आणि अंगणातली कडब्याची गंजी. कणगी वर्षाची, पेव अनेक वर्षांचे. एखाद्या वस्तूचा सुकाळ झाला म्हणजे तिचे ‘पेव फुटले’ असे मराठीत म्हणतात. सुबत्तेची ही प्रतिमा शेतात डोलणाऱ्या पिकाची नसून जमिनीखाली साठवून ठेवलेल्या धान्याची आहे, ही गोष्ट भाषाभ्यासकांइतकीच इतिहासाच्या अभ्यासकांनीही लक्षात घ्यावी अशी आहे.

येत्या वर्षाचा अंदाज हाही तरतुदीचाच एक भाग होय. जळगाव जामोद तालुक्यातील भेंडवळ येथे अक्षय्य तृतीयेला घटाची मांडणी होते. तिची परंपरा सुमारे तीनशे वर्षांची सांगतात. शेतात वर्तुळाकार घट आखून त्यात अठरा प्रकारची धान्ये मांडतात, मध्ये खड्ड्यात घागर व पावसाच्या चार महिन्यांची चार ढेकळे ठेवतात, आणि रात्रभरात काय हलले, काय भिजले हे दुसऱ्या दिवशी पहाटे पाहून भाकीत सांगतात. या भाकिताला शास्त्रीय आधार नाही, हे उघड आहे; त्यावर आक्षेपही वेळोवेळी घेतले गेले आहेत. तथापि भाकीत खरे ठरते की खोटे, याहून मांडणीत कशाकशाला जागा दिली आहे हा प्रश्न इतिहासाच्या दृष्टीने अधिक फलदायी ठरतो. पाऊस एक नव्हे, महिन्याचा निरनिराळा. पीक एक नव्हे, अठरा. शिवाय गुरांचा चारा आणि राजाची गादी. जोखीम वाटून टाकणाऱ्या मिश्र शेतीचा हा जणू पटच मांडलेला असतो. कोणत्याही वर्षी अठराच्या अठरा धान्ये बुडावयाची नाहीत, हे त्यात गृहीत आहे.

ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पालटली. १८५३ च्या तहाने वऱ्हाड निजामाकडून इंग्रजी कारभाराखाली आले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव कडाडले, १८६७ मध्ये मलकापूर, नांदुरा, शेगावावरून जाणारी रेल्वे नागपूरपर्यंत पोहोचली, आणि १८७० मध्ये जलंब-खामगाव ही शाखा सुरू होऊन खामगावच्या कापूसपेठेला लोहमार्ग मिळाला. सुमारे त्याच सुमारास मुंबई पद्धतीची रयतवारी जमाबंदी लागू झाली. सारा ठरीव व रोख. कापूस विकून सारा भरावा, उरल्या पैशात ज्वारी घ्यावी, हा व्यवहार सोयीचा होता. त्यात शेतकऱ्याचे काही चुकले असे म्हणता येणार नाही. ज्याच्या दारी रेल्वे आली त्याने पाच वर्षांची वासाची ज्वारी कशासाठी पुरून ठेवावी?

मात्र येथे एक भाबडा समज दूर ठेवला पाहिजे. पेव घरोघर नव्हते. ज्याच्या शेतात खाऊन उरण्याइतके पिके त्याचेच पेव. देशमुख, पाटील, सावकार आणि सधन कुणबी यांचे. भूमिहीन मजुराच्या घरात कणगीही भरलेली नसे. त्याचा पेवाशी संबंध यायचा तो दोन वाटांनी. एक, मजुरी व बलुते खळ्यावर धान्यात मिळे. दुसरी, अडीच्या वेळी सवाई-दिढीने धान्य उसने मिळे. म्हणजे मणाला पुढच्या सुगीस सव्वा किंवा दीड मण फेडावयाचा. ही पिळवणूकच होती. परंतु तीत धान्य गावात होते आणि देणेघेणे धान्याचेच होते. कापसाच्या वेचणीची मजुरी रोख झाली, पेवे रिकामी राहू लागली, तेव्हा मालकाने पेव गमावून त्याच्या जागी पैसा मिळविला. मजुराने मात्र कधीच आपल्या नसलेल्या पेवाचा आधार गमावला आणि बदल्यात त्याला काही मिळाले नाही.

याची कसोटी १८९६-९७ व विशेषतः १८९९-१९०० च्या दुष्काळांत लागली. १८९९ चा पाऊस गेला तेव्हा ज्वारी, कापूस आणि चारा एकदमच गेले. शेतात वेचणी नाही म्हणून मजुरी नाही, आणि बाजारात धान्य आहे पण ते घेण्यास पैसा नाही, अशी स्थिती झाली. रेल्वेने धान्य येऊ शकत होते. घाटावरच्या तालुक्यांत तर ती सोयही नव्हती, तेथे गाडीवाट व बैल यांवरच भिस्त, आणि चाऱ्यावाचून बैल मरत होते. १९०१ च्या खानेसुमारीत जिल्ह्याची लोकसंख्या ४,२३,६१६ भरली. दहा वर्षांत सुमारे १२ टक्क्यांची घट. हा आकडा जुन्या, म्हणजे चिखली, मेहकर व मलकापूर या तीन तालुक्यांच्या जिल्ह्याचा आहे. खामगाव व जळगाव हे तालुके १९०५ मध्ये अकोल्याकडून आले, हे तुलना करताना विसरता कामा नये. घट सर्व मृत्यूंची नव्हे, स्थलांतराचीही आहे. तरी तिचा अर्थ लपत नाही.

१८८० च्या दुष्काळ आयोगानंतर सिद्ध झालेल्या दुष्काळ संहितांनुसार सरकारने खडी फोडण्याची, रस्त्यांची व तलावांची कामे काढली. या कामांवरील मजुरी धान्याच्या भावाशी बांधलेली असे. शेतातली रोख मजुरी तशी बांधलेली नव्हती. जी सुरक्षितता खळ्यावरच्या पायलीत होती ती मजुराला सरकारने परत दिली, पण तो उपासमारीच्या कडेला येऊन पोहोचल्यावर, आणि तीही अपुऱ्या मापाने. दुष्काळात अन्नाच्या अभावापेक्षा अन्नावरील हक्क तुटणे अधिक प्राणघातक ठरते, हे अमर्त्य सेन यांनी १९८१ मध्ये सिद्धांतरूपाने मांडले. वऱ्हाडातला मजूर ते ऐंशी वर्षे आधी भोगून मोकळा झाला होता.

१९१८ मध्ये अवर्षण व इन्फ्लुएन्झा यांची गाठ पडली. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रभर पुन्हा खडी फुटली आणि कामावर सुकडी वाटली गेली. वि. स. पागे यांच्या कल्पनेतून निघालेली रोजगार हमी योजना याच दुष्काळात राज्यभर फैलावली आणि १९७७ च्या कायद्याने कामाचा हक्क मान्य झाला. दुष्काळाचे काम ही कृपा न राहता मागणी झाली, हा फरक लहान नव्हे. धान्याची जबाबदारी घराकडून पुढे स्वस्त धान्य दुकानाकडे गेली, आणि २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तीही हक्काच्या रूपात आली. भुकेने माणसे मरण्याचा १९०० चा प्रकार या जिल्ह्यात पुन्हा घडला नाही.

जोखीम मात्र संपली नाही. ती धान्यातून कर्जात उतरली. २००६ मध्ये शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे पश्चिम विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांसाठी पंतप्रधानांनी मदतयोजना जाहीर केली त्यांत बुलढाणा होता. संकरित ज्वारी देशी ज्वारीइतकी टिकत नाही. आणि गेल्या काही दशकांत सोयाबीनने ज्वारीची जागाच घेतली, तेव्हा तिच्याबरोबर कडब्याची गंजीही अंगणातून गेली. जुन्या गावठाणात एखाद्या पावसाळ्यात जमीन खचते आणि खाली कुणाचे तरी विसरलेले पेव निघते. घराच्या ओसरीवर आज पोत्यांची थप्पी दिसते ती सोयाबीनची, आणि ती असते भाव चढेपर्यंतची. तिची भाकरी होत नाही.