एकास अठ्ठावीस : प्रोग्रॅमरच्या कर्तृत्वाविषयीच्या एका आकड्याचा इतिहास

संगणकासाठी आज्ञावली रचणाऱ्या दोन व्यक्तींच्या कर्तृत्वात किती अंतर असू शकते, हा प्रश्न विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वारंवार चर्चिला गेला. त्याचे उत्तर म्हणून बहुधा एकच प्रमाण पुढे केले जाई : उत्तम प्रोग्रॅमर एका तासात जे करतो, त्यास सुमार प्रोग्रॅमरला अठ्ठावीस तास लागतात. बखरीतील सैन्यसंख्या अस्सल कागदाशी ताडून पाहिल्यावाचून स्वीकारता येत नाही. या आकड्याची गोष्टही तशीच आहे. त्याचे मूळ, त्याचा प्रसार आणि त्याचे परीक्षण यांचा येथे विचार केला आहे.

या आकड्याचा उगम अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील सांता मोनिका येथील सिस्टिम डेव्हलपमेंट कॉर्पोरेशन या संस्थेत झाला. सॅकमन, एरिक्सन व ग्रँट यांनी तेथे केलेल्या प्रयोगाचा वृत्तान्त १९६८ च्या जानेवारीत प्रसिद्ध झाला. प्रयोगाचा मूळ हेतू व्यक्तींची तुलना करणे हा नव्हताच. प्रोग्रॅमरने यंत्राशी प्रत्यक्ष जोडलेल्या टंकयंत्रापुढे बसून आज्ञावलीतील चुका शोधाव्यात, की काम यंत्राकडे सोपवून उत्तराची वाट पाहावी, यांपैकी कोणती पद्धत सरस ठरते, एवढेच पाहावयाचे होते. त्यासाठी बारा अनुभवी प्रोग्रॅमर निवडण्यात आले आणि त्यांना दोन कामे देण्यात आली. पहिले काम बीजगणितातील समीकरणे सोडविण्याचे व दुसरे चक्रव्यूहातून वाट काढण्याचे होते.

दोन पद्धतींतील फरक दिसून आला. परंतु माणसामाणसांतील फरक त्याहून कितीतरी मोठा निघाला. बीजगणिताच्या आज्ञावलीतील चुका काढण्यास एकाला ६ तास पुरले, तर दुसऱ्यास १७० तास लागले. एकास अठ्ठावीस हे प्रमाण या दोन संख्यांवरून आले. चक्रव्यूहाच्या कामी हेच अंतर १ तास ते २६ तास असे होते. जो निष्कर्ष प्रयोगकर्त्यांना आनुषंगिक होता, तोच पुढे प्रयोगाचे मुख्य फल म्हणून ओळखला जाऊ लागला.

या आकड्याचे एवढे स्वागत का झाले, हे त्या काळाच्या परिस्थितीवरून समजते. आयबीएम कंपनीने १९६४ मध्ये सिस्टिम/३६० ही संगणकमालिका जाहीर केली. तिच्या ओएस/३६० या कार्यप्रणालीच्या कामावर ऐन भरात एक हजाराहून अधिक माणसे होती आणि १९६३ ते १९६६ या काळात सुमारे पाच हजार मनुष्यवर्षांचे श्रम त्यावर खर्ची पडले. तरीही काम लांबले. या प्रकल्पाची धुरा वाहिलेले फ्रेडरिक ब्रुक्स यांनी १९७५ मध्ये ‘द मिथिकल मॅन-मंथ’ हा ग्रंथ लिहिला. रखडलेल्या कामावर माणसे वाढविली असता ते अधिकच रखडते, हे त्यातील सूत्र सर्वश्रुत झाले. संख्याबळाने कार्यसिद्धी होत नाही, असा अनुभव आलेल्यांना सॅकमन यांचा प्रयोग उपकारक वाटला. ब्रुक्स यांनीही त्याचा आधार घेतला आणि हार्लन मिल्स यांची योजना पुरस्कारिली : शस्त्रक्रियेच्या वेळी शल्यविशारद एकच असतो व इतर त्यास साह्य करतात, त्याप्रमाणे रचनेचा भार एका निष्णात प्रोग्रॅमरवर असावा.

या योजनेची प्रत्यक्ष परीक्षा न्यूयॉर्क टाइम्स या वृत्तपत्राच्या माहितीसंग्रहाच्या कामी झाली. बेकर यांनी १९७२ मध्ये दिलेल्या वृत्तान्तानुसार सुमारे ८३,००० ओळींची ही आज्ञावली बावीस महिन्यांत सिद्ध झाली आणि तीस अकरा मनुष्यवर्षे लागली. तथापि हे यश केवळ मुख्य प्रोग्रॅमरच्या प्रतिभेचे मानता येत नाही. शिस्तबद्ध रचनापद्धती आणि प्रत्येक कागद जागच्या जागी ठेवणारा स्वतंत्र ग्रंथपाल, यांचाही त्यात वाटा होता.

मूळ आकड्याची चिकित्सा मात्र उशिरा झाली. डिकी यांनी १९८१ मध्ये आणि जर्मनीतील लुट्स प्रेशेल्ट यांनी १९९९ मध्ये ती केली. बारांपैकी काहींनी उच्चस्तरीय भाषा न वापरता यंत्राजवळच्या भाषेत आज्ञावली लिहिली होती. शिवाय यंत्रापुढे बसणारे व वाट पाहणारे या दोन्ही गटांची सरमिसळ करून प्रमाण काढण्यात आले होते. अर्थात हे अंतर केवळ व्यक्तीव्यक्तींतील नव्हते. त्यात साधनांचे अंतरही मिसळले होते. दुसरा दोष गणिताचा. सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ अशा दोनच व्यक्तींची तुलना केली, तर व्यक्तींची संख्या वाढेल तसे प्रमाण फुगत जाते. एखादाच मनुष्य कोठे अडखळला, तरी सारा आकडा बदलतो.

यापूर्वीच, १९८४ मध्ये, टॉम डीमार्को व टिमोथी लिस्टर यांनी ३५ संस्थांतील १६६ प्रोग्रॅमरांची परीक्षा घेतली होती. तीतही उत्तम व सुमार यांत मोठे अंतर आढळले. परंतु एकाच संस्थेतून आलेल्या दोघांची कामगिरी बरीचशी सारखी होती. वरच्या चतुर्थांशातील व्यक्तींना बसण्यास सरासरी ७८ चौरस फूट जागा होती, तर खालच्या चतुर्थांशातील व्यक्तींना ४६. अर्थात चांगल्या जागेमुळे काम सुधारते की चांगली माणसे चांगल्या जागी जातात, हे यावरून निश्चित होत नाही, अशी कबुली त्यांनीच दिली.

या साऱ्या इतिहासावरून कौशल्यातील भेद काल्पनिक आहे, असे मात्र म्हणता येणार नाही. निरनिराळ्या परीक्षांत तो दिसून आला. आणि मोठ्या रचनेची एकसूत्रता थोड्या समर्थ मनांतूनच येते, हे ब्रुक्स यांचे प्रतिपादनही या चिकित्सेने बाधित होत नाही. बाधित होतो तो एक आकडा आणि त्यामागील समजूत. मनुष्याचे कर्तृत्व त्याची भाषा, त्याचे यंत्र, त्याचे सहकारी आणि त्यास लाभलेली शांतता यांपासून वेगळे काढून मोजता येते, अशी ही समजूत होती. तिच्या आधारे मागे पडलेल्यास मंद ठरविणे सोपे झाले. ज्यास १७० तास लागले, त्याच्या हाती कोणते साधन होते, हा प्रश्न मात्र दीर्घकाळ कोणी विचारला नाही.