एक डोंगर, दोन भाषा

द्वीपसमूह शिकवताना आपण सहज सांगून जातो की समुद्रामुळे माणसे एकमेकांपासून तुटतात, म्हणून बेटागणिक भाषा बदलते. आम्हीही बरीच वर्षे असेच समजत होतो. इंडोनेशियाच्या उत्तर मलुकू प्रांताचा भाषिक नकाशा पाहिला आणि हा समज डळमळला.

या प्रांतातले सर्वांत मोठे बेट हालमाहेरा. त्याच्या पश्चिमेला तेर्नाते, तिदोरे, मोती, माकियान ही ज्वालामुखी बेटे उत्तर-दक्षिण ओळीने उभी आहेत. आपल्या मसाल्यातली लवंग मूळची इथलीच. (वॉलेसने १८५८ साली डार्विनला नैसर्गिक निवडीवरचा निबंध धाडला तोही तेर्नातेहून.)

माकियान म्हणजे समुद्रातून वर आलेला एकच डोंगर. व्यास जेमतेम १० किलोमीटर, उंची सुमारे १३५० मीटर. पूर्वेकडच्या गावांत ताबा ही भाषा चालते. ती ऑस्ट्रोनेशियन कुळातली, म्हणजे मलाय आणि थेट मादागास्करच्या मालागासीची नातलग. पश्चिमेकडची भाषा मात्र उत्तर हालमाहेराच्या सर्वस्वी वेगळ्या कुळातली. तेर्नाते-तिदोरेच्या भाषाही त्याच कुळातल्या. मराठी आणि कन्नड जशा दोन कुळांतल्या, तसेच हे. पण एका डोंगराच्या दोन उतारांवर!

ज्याच्याकडे होडी आहे त्याला समुद्र हा रस्ताच असतो. अडवतो तो डोंगर, असे आम्हाला वाटते. तरी तोही पुरता अडवत नाही. उत्तर हालमाहेराच्या गालेला, तोबेलो या भाषांत क्रियापद मराठीसारखे वाक्याच्या शेवटी येते. पश्चिम माकियानच्या भाषेत ते कर्ता आणि कर्म यांच्या मधे आले आहे, शेजारच्या ताबासारखे. कुळ बदलले नाही, वाक्याची घडण बदलली.

आता हा डोंगरच धोक्याचा. स्फोटाच्या भीतीने १९७५ साली सरकारने लोकांना हालमाहेरावर मालिफुत येथे नेऊन वसवले. स्फोट झाला नाही, आणि बरेच जण बेटावर परतले. तो झाला १९८८ च्या जुलैत. तेव्हा सुमारे १५,००० लोकांना हलवावे लागले. मालिफुतची जमीन काओ लोकांची. १९९९ साली तिथे माकियानी लोकांसाठी वेगळा तालुका ठरताच तंटा पेटला, आणि दोन्ही उतारांवरच्या माणसांना तेर्नाते-तिदोरेकडे पळावे लागले. काओंच्या लेखी ते सारे माकियानीच होते. त्यांतल्या पश्चिमेकडच्यांची भाषा काओंच्याच भाषेच्या कुळातली होती.